नऊ कोटी खर्चून थांबलेला वॉटर पार्क सहा कोटींना घ्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यापासून जवळ, पुणे-बेंगळुरू महामार्गापासून आत सुमारे दोन किलोमीटरवर आठ एकरांत एक रिसॉर्ट व वॉटर पार्क सहा वर्षांपासून अर्धवट पडून आहे. मालक सांगतात की जमिनीसह नऊ कोटी खर्च झाले आहेत, बँकेचे सुमारे चार कोटी येणे आहे आणि ते सहा कोटींना सर्व काही द्यायला तयार आहेत. आपण चार मित्र कंपनी काढून तो घेण्याच्या विचारात आहात. व्यवहार स्वस्त आहे का आणि विसार (व्यवहार पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम) किती द्यावा, असे आपण विचारले आहे.

मी स्थापत्य अभियंता असून गेली बावीस वर्षे सातारा, सांगली भागात बँकांसाठी मालमत्तांचे मूल्यांकन करतो. अशा अर्धवट प्रकल्पांच्या फायली माझ्याकडे बहुतेक दोनदा येतात, एकदा कर्ज मंजूर होताना आणि दुसऱ्यांदा ते थकल्यावर. कागद न पाहता मी आपल्या व्यवहारावर शेवटचे मत देऊ शकत नाही. जमिनीचा भोगवटा वर्ग (ती विकायला मोकळी आहे की सरकारी परवानगी लागते), बिनशेतीची स्थिती, बँक राष्ट्रीयीकृत आहे की सहकारी, बांधकाम कोणत्या टप्प्यावर थांबले, यांतली एक गोष्ट बदलली तरी उत्तर बदलते. तरीही विचार कोणत्या क्रमाने करावा, हे सांगता येईल.

प्रथम 'नऊ कोटी' हा आकडा डोक्यातून काढून टाकावा. खर्च झालेली रक्कम आणि आज असलेली किंमत यांचा संबंध फार थोडा असतो. त्या नऊ कोटींमध्ये सल्लागारांचे शुल्क, बांधकामाच्या काळातले व्याज, उद्‌घाटनाच्या आधीच छापलेली माहितीपत्रके आणि पाडून पुन्हा बांधलेल्या भिंती, हे सर्व आलेले असते. आपण म्हणता त्याप्रमाणे तिथे एकरी ३५ लाख भाव असेल, तर जमीन २ कोटी ८० लाखांची झाली. उरलेल्या ६ कोटी २० लाखांच्या खर्चातून आज उपयोगी पडेल असे सपाटीकरण, कुंपण, अंतर्गत रस्ते आणि आरसीसीचे सांगाडे यांचे, माझ्या अनुभवानुसार, एक ते दीड कोटींच्या वर मिळत नाहीत. म्हणजे ३ कोटी ८० लाख ते ४ कोटी ३० लाख. बँकेचे येणे जवळपास तेवढेच असल्यामुळे मालकाच्या हाती काही उरत नाही आणि म्हणूनच ते सहा कोटी म्हणत आहेत. त्यांच्या जागी मीही तेच म्हटले असते.

सांगाड्यांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण खरेदीदार इथेच फसतात. पुढच्या मजल्यासाठी स्तंभांतून वर काढून ठेवलेल्या सळया सहा पावसाळे उघड्या राहिल्या की त्यांवर पापुद्रे धरतात. नुसता लालसर थर असेल तर तो तारेच्या ब्रशने निघतो, पण पापुद्रा नखाने सुटत असेल तर सळईचा व्यास घटलेला असतो आणि ती पुढे वापरता येत नाही. फायबरच्या घसरगुंड्यांचा रंग उन्हाने खडूसारखा पांढरा पडतो, त्यांच्या जोडांतले रबर कडक होते आणि खालचे लोखंडी खांब तळपट्टीपाशी गंजतात. घसरगुंडी पुरवणाऱ्याचे मूळ आराखडे आणि भारक्षमतेचे कागद नसतील, तर तिच्यावर माणसे सोडण्याची जबाबदारी कोणताही शहाणा अभियंता घेणार नाही. अशा घसरगुंडीची किंमत मी शून्य धरतो. ती काढून नेण्याचा खर्च वेगळा.

तलावांचे दुखणे आणखी निराळे आहे. मिरजेजवळच्या एका प्रकल्पात मी लाटांच्या तलावाचा तळ मधोमध फुगून वर आलेला आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तडकलेला पाहिला होता. शेवाळ साफ करण्याचा खर्च नको म्हणून मालकाने जूनमध्ये तो तलाव रिकामा केला होता. खाली काळी माती, आजूबाजूला ओलिताखालचा ऊस, त्यात पावसाने भूजल वर आले आणि वरून पाण्याचे वजन नसल्यामुळे जमिनीतल्या दाबाने तळ उचलला. आपल्या जागेत काळी माती आहे की मुरूम, हे मला ठाऊक नाही, पण तलाव सहा वर्षे रिकामा असेल तर तळावर पातळीयंत्र फिरवल्याशिवाय त्याला एक रुपयाही किंमत लावू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, की हा प्रकल्प थांबला का? 'पैसे कमी पडले' हे उत्तर बहुतेक मालक देतात आणि ते अपुरे असते. पैसे का कमी पडले, हे विचारले की दोन-तीन ठराविक कारणे निघतात, आणि ती कारणे मालक बदलल्याने जात नाहीत.

पहिले कारण हंगाम. साताऱ्याला पर्यटक येतात तो काळ आणि वॉटर पार्क चालतो तो काळ एक नाही. कास पठारावर फुले ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत असतात आणि ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यात पाहायचा असतो. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईचा पर्यटक सुरूरवरून वळून थेट महाबळेश्वर, पाचगणी गाठतो. वाटेत पाण्यात खेळायला थांबणारे थोडेच. वॉटर पार्कचे खरे गिऱ्हाईक म्हणजे सातारा, कोरेगाव, फलटण, कराडकडची कुटुंबे, शाळांच्या सहली आणि गावच्या यात्रेला व मे महिन्याच्या सुट्टीत जावळी-पाटणकडे आलेली मुंबईकर मंडळी. हे गिऱ्हाईक चांगले असते, पण ते सकाळी येते, संध्याकाळी जाते आणि खोली घेत नाही. म्हणजे खोल्या एका मोसमात विकल्या जातात आणि घसरगुंड्या दुसऱ्या. दोन्ही तयार असतील तर एकीचा तोटा दुसरी भरून काढते. पण हौशी मालक दुरून दिसाव्यात म्हणून घसरगुंड्या आधी उभ्या करतो आणि खोल्यांसाठी पैसा उरत नाही.

हिशेब करून पाहा. यातले आकडे माझे गृहीत आहेत, आपले आपण घालावेत. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ७५ दिवस धरले. त्यातल्या २२ शनिवार-रविवारी ७०० आणि उरलेल्या ५३ दिवशी १५० माणसे आली, तर एकूण २३,३५० तिकिटे होतात. पाचशे रुपयांप्रमाणे १ कोटी १६ लाख ७५ हजार. त्यातून १८ टक्के जीएसटी वजा जाता सुमारे ९९ लाख उरतात. वीज, जीवरक्षकांसह चाळीस माणसांचे पगार, क्लोरीन व इतर रसायने, विमा, जाहिरात आणि दुरुस्ती यांना साठ लाखांखाली मला तरी बसवता आलेले नाही. उरले ३९ लाख. आता सहा कोटींची खरेदी आणि पूर्णत्वासाठी किमान तीन कोटी, यांपैकी निम्मे म्हणजे साडेचार कोटी कर्ज ११ टक्क्यांनी घेतले, तर वर्षाचे व्याजच साडेएकोणपन्नास लाख होते. मुद्दल बाजूलाच राहिली. उपाहारगृह आणि लग्नसमारंभ यांनी हे अंतर कदाचित भरून निघेल, पण मग आपण वॉटर पार्क नव्हे, मंगल कार्यालय विकत घेत आहात असे समजून किंमत ठरवावी.

शिवाय या धंद्यात एक उन्हाळा गेला की वर्ष गेले. २०२० आणि २०२१ असे सलग दोन उन्हाळे निर्बंधांत गेले, तेव्हा चालू स्थितीतले उद्यानसुद्धा कोलमडले. आपल्या मालकांच्या चार कोटींवर १२ टक्के व्याज धरले तर दिवसाला तेरा हजारांहून अधिक रुपये चढतात. पंप चालो वा न चालो, ते चढतच राहतात.

दुसरे कारण पाणी. हजार चौरस मीटरच्या, सरासरी एक मीटर खोलीच्या तलावात दहा लाख लिटर पाणी बसते. एकदा भरले की झाले, असे ऐकवले जाते, पण ते खरे नाही. एप्रिलच्या उन्हात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर त्या एका तलावातून रोज आठ हजार लिटर उडून जाते. माणसांच्या अंगाबरोबर बाहेर सांडणारे आणि वाळूच्या गाळण्या उलट्या धुण्यात जाणारे पाणी याहून जास्त असते. नेमक्या त्याच दिवसांत विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि कालव्याच्या आवर्तनावर उसाचे डोळे लागलेले असतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास, अशी आपली स्थिती आहे. त्यामुळे 'साताऱ्यात पाणी भरपूर' या वाक्याला अर्थ नाही, गट नंबर सांगावा लागतो. गावाची नळयोजना आठवड्याआड चालत असताना शेजारी कारंजी उडत असतील तर ग्रामसभेत काय होते, हे मी एकदा मागच्या बाकावर बसून ऐकले आहे. ग्रामस्थांचे मला काही चुकीचे वाटले नाही.

सांगलीकडे पाण्याचा प्रश्न उलटा येतो. नदीकाठची जागा देखणी म्हणून घेतली जाते आणि निळी व लाल पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा) नंतर पाहिली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आपली जागा साताऱ्याकडे असल्याने हा धोका कमी, पण ओढ्याचा काठ असेल तर तलाठ्याकडचा गावनकाशा काढून ओढा मुळात कुठून वाहत होता ते पाहावे. सपाटीकरणात ओढे गडप झालेले मी बरेच पाहिले आहेत.

तिसरे कारण कागद, आणि माझ्या मते यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. वाई तालुक्यातल्या एका प्रकल्पाचे उदाहरण देतो. अकरा एकरांचा प्रकल्प, सातबारे स्वच्छ, वकिलाचा शोध अहवाल (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) तीस वर्षांचा. नव्या मालकाने खरेदीखत केले, रंगरंगोटी केली, एप्रिलमध्ये उद्यान सुरू केले आणि दुसऱ्याच आठवड्यात पंपघराला कुलूप लागले. मोजणी केल्यावर उघड झाले की पंपघर आणि समतोल टाकी (तलावातून सांडणारे पाणी साठवून परत फिरवणारी) ज्या बावीस गुंठ्यांवर उभी होती, ती जुन्या मालकाच्या चुलतभावाची होती. दोघांत तोंडी समजूत होती, पण चुलतभाऊ वारले होते आणि वारसांची नोंदही लागलेली नव्हती. संपूर्ण उद्यानाचे पाणी त्या बावीस गुंठ्यांतून फिरत असल्यामुळे वारसांनी दोन एकरांचा भाव मागितला आणि तो द्यावा लागला. शोध अहवालात यातले काही दिसत नाही, कारण वकील गट नंबर तपासतो, भिंत कुठे आहे ते तपासत नाही. म्हणून सरकारी मोजणी करून 'क' प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) हातात घ्यावी आणि प्रत्येक बांधकाम त्या नकाशावर बसवून पाहावे.

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' हा रकाना सर्वांत आधी वाचावा. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी यांच्या लाभक्षेत्रातल्या कित्येक गटांवर पुनर्वसन कायद्याखाली हस्तांतरणास बंदीचे शेरे आहेत आणि ते कमी करून घेतल्याशिवाय खरेदी होत नाही. जमीन भोगवटादार वर्ग दोनची किंवा कुळकायद्याने मिळालेली असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आठ एकरांपैकी किती क्षेत्र खरोखर बिनशेती झाले आहे, हेही पाहावे. पुष्कळदा तीन एकर बिनशेती असते आणि उरलेली शेती. शेतजमीन घेण्यासाठी खरेदीदार शेतकरी असावा लागतो आणि कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार आपली नवी कंपनी शेतकरी ठरत नाही. चौघांपैकी दोघांच्या नावे सातबारा आहे, हे उत्तर कंपनीला चालत नाही.

परवानग्यांबाबत मालक आपल्याला एक जाड फाइल दाखवतील. तिच्यातल्या तारखा पाहाव्यात. बांधकाम प्रारंभाचे प्रमाणपत्र एक वर्षाचे असते आणि काम सुरू झाले नसेल तर नूतनीकरणासह ते जास्तीत जास्त चार वर्षे चालते. सहा वर्षे काम बंद असल्याने ते संपले आहे का हे विचारून घ्यावे, आणि संपले असेल तर आपल्याला डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीखाली नव्याने अर्ज करावा लागेल. तेव्हा जुन्या नकाशातली अंतरे नव्या नियमांत बसतीलच असे नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीचीही मुदत तपासावी. महामार्गाच्या दुभाजकातून वळण्याची जागा सहापदरीकरणात बंद झाली असेल, तर पुण्याकडून येणारी गाडी पुढच्या भुयारी मार्गातून वळून यावी लागते. आपण स्वतः पुण्याच्या बाजूने गाडी चालवत एकदा या, म्हणजे समजेल.

बाहेरचे लोक अशा प्रकल्पांत कसे उतरतात, हेही पाहण्यासारखे आहे. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले, कंपनी २०१५ मध्ये शेअर बाजारात आली, तरी कर्जाचा डोंगर उतरला नाही. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते घेतले. त्या समूहाला शिर्डी आणि लोणावळ्याचे वॉटर पार्क चालवण्याचा अनुभव होता आणि बँकांनी कर्जात मोठी सूट सोसल्यानंतरच हा व्यवहार बसला. उद्यान तेच, घसरगुंड्या त्याच, पण डोक्यावरचे कर्ज वेगळे. उलट मुळशीतल्या लवासाचे काम २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने थांबवले, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले आणि पुढे कित्येक वर्षे घोंगडे भिजतच राहिले. आपला आठ एकरांचा व्यवहार या दोन्हींपुढे अगदी लहान आहे, पण कर्ज किती कापले जाणार आणि पुढे चालवणार कोण, हे दोन प्रश्न इथेही तेच आहेत. आपल्या चौघांपैकी कोणी यापूर्वी तिकीट फाडून धंदा केला आहे का, हे आपण लिहिलेले नाही.

बँकेकडे आता वळू. कर्ज थकीत असेल तर बँकेने सरफेसी कायद्याखाली (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) साठ दिवसांची नोटीस दिली आहे का, ताबा घेतला आहे का, हे विचारावे. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र शेतजमिनीवरच्या तारणाला तो लागू होत नाही, त्यामुळे आठ एकरांतले बिनशेती क्षेत्र किती, हा प्रश्न बँकेलाही तितकाच टोचत असतो. बँक लिलाव काढणार असेल तर 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर काढते, म्हणजे वरच्या सर्व कटकटी आपल्या गळ्यात. तरीही एकरकमी तडजोडीची (थकीत कर्ज कमी रकमेत एकदम मिटवण्याची) शक्यता असेल तर माझा कल मालकाशी दोघांतच व्यवहार करण्याऐवजी बँक, मालक आणि आपण असा तिहेरी लेखी करार करण्याकडे राहील. मालकाची कंपनी असेल आणि ते शेअर्स घ्या म्हणत असतील, तर ठेकेदारांची देणी, भविष्य निर्वाह निधी, जीएसटी आणि पंचवीस वर्षांची 'सदस्यत्वे' विकून घेतलेले पैसे हे सारे त्या शेअर्सबरोबर येते. तिथे मी थांबलो असतो.

तर सहा कोटी हा भाव, आपण दिलेल्या माहितीवर, मला पटत नाही. जमिनीचा भाव अधिक सुमारे सव्वा कोटी इतकेच मी लिहीन आणि तेही मोजणी व 'इतर हक्क' स्वच्छ निघाले तर. बँक तीन कोटींवर तडजोडीला आली आणि मालकाला वर एक कोटी मिळाले, तर व्यवहाराचा विचार करता येईल. पूर्ण करताना आधी वीस खोल्या आणि उपाहारगृह, मुलांसाठी एक उथळ तलाव, आणि मोठ्या घसरगुंड्या दोन हंगाम चालवून पाहिल्यावर, हा क्रम मला पेलणारा वाटतो.

विसाराविषयी. मालकाच्या हातात रोख किंवा त्यांच्या खात्यावर काहीही देऊ नये. जी रक्कम द्यायची ती तिहेरी करारानंतर थेट कर्जखात्यात, बँकेची पावती घेऊन भरावी आणि करारात लिहून घ्यावे की सरकारी मोजणीत बांधकाम हद्दीबाहेर निघाले किंवा हस्तांतरणबंदीचा शेरा ठरलेल्या मुदतीत कमी झाला नाही, तर बँक ती रक्कम परत करील. बँका हे वाक्य सहजासहजी घालत नाहीत. वाईच्या त्या व्यवहारात खरेदीदाराने आग्रह धरला नाही आणि पंपघराला कुलूप लागले तेव्हा त्याचे साठ लाख कर्जखात्यात जमा होऊन व्याजात वळतेही झाले होते.